आठांतल्या चार कळ्या

माझ्या लेकीच्या कॉलेजच्या एकांकिकेत यंदा एक मडमीण होती. इंग्रजी अमलातल्या रत्नागिरीच्या कलेक्टरची बायको. ती बंगल्याच्या खिडकीतून समुद्र बघते, विलायतेतल्या आईला पत्रं लिहिते आणि शेवटी तापानं जाते. ते जायचं काम माझ्या लेकीकडे होतं, आणि जाताना तिच्या अंगावर काय असावं ते बघायचं काम माझ्याकडे.

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं आणि एक लांब टेबल. ब्लाउज, परकर, ड्रेस, गणवेश, येईल ते. अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या भागातल्या बायका म्हणतात, कटिंग करावं तर हिनंच. हे मिरवण्यासाठी लिहीत नाही. पुढे जे लिहायचंय ते याच्याच खाली मी दडपून ठेवलं होतं, म्हणून आधी हे सांगितलं.

लेकीनं मोबाइलवर कुठल्याशा परदेशी साइटवरून पॅटर्न शोधून काढला. त्या काळच्या मडमिणी घागऱ्यावरून आणखी एक घागरा घालत, त्याचा. समोर एप्रनसारखा गोलसर पडदा, दोन्ही बाजूंना चुण्या घालून वर खेचलेला. मागे भरपूर कापड, ते फुगवून उचललेलं. उचलून धरायला आतून नाड्या शिवायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कापड आपसूकच तसं पडलंय.

"तू नुसतं चित्र दाखव, मी मापं घेऊन कापते," मी म्हटलं. जन्मात कधी कागदावरून कापलं नव्हतं मी. टेप, खडू आणि कापड, एवढंच.

"तुझ्या पद्धतीनं कापलंस ना आई, तर मडमीण हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसेल."

मग झेरॉक्सच्या दुकानातून तीस पानं छापून आली. ती जमिनीवर पसरून आम्ही दोघींनी सेलोटेपनं जोडली आणि जोडून झाल्यावर मोजून बघते तर कंबर दोन इंचांनी कमी. पहिल्याच पानावर एक छोटा चौकोन होता. तो आधी मोजून बघा, बरोबर भरला तरच पुढे जा, असं तिथे लिहिलेलं. आम्ही मोजलाच नव्हता. दुकानदारानं कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून सगळं थोडं बारीक करून छापलं होतं. "काकी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं," असं वर त्याचं म्हणणं. पुन्हा तीस पानं, पुन्हा सेलोटेप.

हातशिलाई पुष्कळ होती, म्हणून गावाहून वहिनीला बोलावून घेतलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तेव्हा मुंबईला कामाला होता, सणासुदीला येणारा. वहिनीनं रत्नागिरीत एक खोली घेतली, शिवणकाम सुरू केलं आणि मला गावाहून आणून कॉलेजात घातलं. माझी आई लवकर गेलेली. डोक्याला तेल लावण्यापासून फीचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं वहिनीनं केलं. कात्रीत अंगठा किती आत घालायचा, खालचं पातं टेबलाला टेकवून कसं सरकवायचं, तेही तिनंच शिकवलं. आज मी पन्नाशीची आहे, ती चौसष्टची. आता गावीच असते, मुलाजवळ.

तिची तुरपाई अजून अशी की टाका शोधावा लागतो. पण कात्रीला ती हात लावत नाही. अठ्ठावीस वर्षांत लावलेला नाही. शिवताना दोरासुद्धा दातानं तोडते.

कापायच्या दिवशी लेक कापड घेऊन आली. मला न विचारता आणलेलं. पिशवीतून तिनं ते टेबलावर ओतलं. मखमल. जांभळी.

"ताग्यातलं शेवटचं उरलेलं होतं, सगळं उचललं," ती खुशीत म्हणाली. "रॉयल दिसतंय की नाही?"

मखमलीला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर बोटांना अडते. उजेडात बघाल तर एका बाजूनं गडद, दुसऱ्या बाजूनं फिकी. म्हणून तिचे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात. सुती कापड असतं तेव्हा परकराच्या कळ्या, म्हणजे वर अरुंद, खाली रुंद असे उभे तुकडे, आम्ही उलटसुलट मांडतो. एकीचा रुंद घेर, त्याला लागून दुसरीची अरुंद कंबर. कापड वाचतं. हाताला तीच सवय लागलेली असते. मखमलीत ती सवय आवरायची.

कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर बाण होता. सगळे बाण एका दिशेला ठेवले, तर मागच्या बाजूचा शेवटचा तुकडा कापडाबाहेर वीतभर लोंबायला लागला. लेकीनं तो उचलला, उलटा फिरवला, आणि तो बसला. अगदी बेतून घेतल्यासारखा.

"हे बघ! झालं की. स्टेजवर कोण बघतंय?"

वहिनी खिडकीशी बसून नाड्यांच्या पट्ट्या दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको गो बाय. मखमलीत तसं नाय चालत. मी केलंय एकदा."

"काय केलंस मामी?"

"एक डाक्टरीणबाई हुत्या, त्यांच्या पोरीचा परकर. आठ कळ्यांचा. मुंबईवरनं आणलेली मखमल, हीच, जांभळी. मला ताप हुता. तापात कापल्या चार सरळ, चार उलट्या, न् कळलंच नाय! बाईंनी उन्हात धरला तो परकर, तर छत्री! एक कळी काळी, एक कळी पांढरी. पोरीला म्हटलं असतं लोकांनी, बँडवाल्यांत भरती झालीस काय गो." ती स्वतःच हसली. "तवाच कळलं, डोळे गेले आपले. दुसऱ्याचं कापड नासायचं नाय. कात्री दिली तुझ्या आईकडे न् सुटले."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. गणपतीत, लग्नकार्यात, चार बायका जमल्या की. वहिनी दर वेळी ती थोडी जास्त विनोदी करते. बँडवाले या वेळचे नवे होते. दर वेळी सगळे हसतात आणि मी काहीतरी आणायला आत जाते.

लेक मात्र हसली नाही. "एवढ्याशासाठी कात्री सोडलीस?"

"एवढंसं कसं?" वहिनी म्हणाली. आता तीही हसत नव्हती. "आपल्याच हातावरचा भरवसा गेला, की पुढचं प्रत्येक कापड भीती घालतं. तुला नाय कळायचं ते."

कात्री माझ्या हातात होती. ती मी टेबलावर ठेवली.

"वैनी, त्या उलट्या चार तू नाही कापल्यास. मी कापल्या."

असं एका वाक्यात होतं ते. इतकी वर्षं मला वाटायचं, सांगायला निदान एक दुपार लागेल.

झालं होतं ते असं. वहिनीनं चार कळ्या कापल्या आणि तिला हुडहुडी भरली. मी तिला गोळी दिली, अंगावर गोधडी घातली. मग म्हटलं, ती उठायच्या आत उरलेलं कापून ठेवावं, तिला बरं वाटेल. मी बावीस वर्षांची. सुती परकर डझनांनी कापलेले. तिच्या सरळ कळ्यांच्या मधे उरलेल्या जागांत हातानं सवयीनं चारही कळ्या उलट्या मांडल्या, कापड वाचलं म्हणून मी खूशही झाले. संध्याकाळी वहिनीनं गोधडीतूनच विचारलं, "कापून झालं काय?" मी म्हटलं, "झालंय." कोणी कापलं ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिला वाटलं, तिनंच सगळं उरकून मग अंग टाकलं. पुढचे तीन दिवस ती तापातच. मशीन मी मारलं, तिनं पडल्या पडल्या खालची तुरपाई केली. त्या खोलीत उजेड बेताचा, दोघींनाही काही दिसलं नाही.

मग बाईंनी परकर अंगणात नेऊन धरला. मला तेव्हाच कळलं. वहिनी पुढे झाली, तिनं कळ्यांवर हात फिरवला आणि म्हणाली, "चुकलं माझं." मी उंबऱ्यात उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता, आणि मी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग आठवड्यानं. मग वहिनी म्हणाली, "यापुढे कटिंग तू कर," आणि मी कात्री हातात घेतली.

लेक माझ्याकडे बघत होती. वहिनी पट्टीकडे. तिनं हातातला टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला, सुई रिळात खोचली.

"मला गाडीत बसवून दे," ती म्हणाली.

"मामी, जेवून तरी जा..."

"नको."

रिक्षा केली. स्टँडवर बाकावर बसलो, मध्ये तिची पिशवी. तिच्या गावाकडची गाडी अजून लागायची होती. समोर कलिंगडाच्या फोडी विकायला होत्या. त्यावर माशा, आणि माशा हाकलणारी बाई.

त्या बाईकडे बघत वहिनी म्हणाली, "माझ्या चार कशा हुत्या?"

"सरळ. चारही सरळ होत्या."

"तापात?"

"तापात."

तिनं मान हलवली, एखाद्या मुलीचा चांगला निकाल ऐकावा तशी. आणि मग आवाज बदलला. "डोळ्यांच्या डाक्टराकडे किती खेपा घातल्या मी. तीन? चार? तो म्हणायचा, काय नाय झालेलं तुमच्या डोळ्यांना. मला वाटायचं, यालाच येत नाय. तू बाजूला बसलेली असायचीस गो. माझी पिशवी धरून!"

"हो."

"कशाला यायचीस?"

"तू एकटी जाऊ नयेस म्हणून."

"वा गो वा," वहिनी म्हणाली. "शाबास."

गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. मी पिशवी उचलली. ती उठली नाही.

"तेव्हा सांगितलं असतंस ना, तर दोन ठेवून दिल्या असत्या न् रात्री विसरून पण गेले असते. पोर हुतीस तू. पोरं चुकतात." तिनं आपला उजवा पंजा उघडून बघितला. "आता तुला मारू म्हटलं तर माझाच खांदा दुखतो."

मला रडू आलं. तिनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. समजूत घातली नाही. घालायला नकोच होती. पुढे म्हणाली, "सगळ्यात काय लागलं सांगू? तू चुकलीस ते नाय. मी ती गोष्ट सांगून सांगून लोकांना हसवलं, न् तू पण हसायचीस."

"मी हसायची नाही वैनी. मी आत जायची."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. बहुधा आठवून बघत असावी, एकेक गणपती, एकेक लग्न. गाडी सुटली. तिच्या गावाची पाटी आमच्या समोरून गेली आणि ती बसूनच राहिली.

"पुढच्यानं जाईन," ती म्हणाली.

पुढचीही गेली. आम्ही दोघींनी कलिंगड खाल्लं, उभ्याउभ्या, बिया मुठीत धरून. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तो शेवटचा तुकडा कुठे येतो गो, मागच्या अंगाला ना? फुगवायचाय तिथे?"

"हो."

"मग अख्खा कशाला पाहिजे? दोन तुकड्यांत काप. लव तशीच सरळ ठेव न् जोड फुग्याच्या खाली घाल. नाडी ओढली की जातो आत. एवढी मोठी कटिंगवाली, तुला सुचू नये?"

मला खरंच सुचलं नव्हतं. मखमल बघितल्यापासून मला काही सुचतच नव्हतं.

घरी आलो तर लेकीनं जेवण झाकून ठेवलेलं, आणि टेबलावर सगळं जसंच्या तसं. वहिनी टेबलापाशी गेली. आता तिला खरंच कमी दिसतं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात यायला लागलाय. तिनं चष्मा लावला, काढला, आणि बोटांची मागची बाजू मखमलीवर फिरवली. खालून वर, वरून खाली.

"लव ही अशी, खाली," ती म्हणाली. "याला डोळे नकोतच मुळी. मलाच हे तेव्हा आठवायला हवं हुतं. आपल्या हातानं कापताना मी लव चाचपल्याशिवाय कधी कापलं हुतं?"

म्हणजे अठ्ठावीस वर्षं तिच्याजवळ स्वतःच्या बाजूचा पुरावा होता आणि तिनं तो वापरला नाही, कारण चूक दुसऱ्या कुणाची असेल असं तिच्या मनातही आलं नाही. खोलीत दोघीच तर होतो. माझ्यावर संशय घेण्यापेक्षा तिला आपले डोळे गेलेले परवडले. हे लिहिताना मला अजून थांबावं लागतं.

मी कात्री तिच्यापुढे ठेवली, मुठीची बाजू तिच्याकडे करून. तिनं ती लगेच घेतली नाही. लेकीला म्हणाली, "बाय, तू तिकडे बघ जरा. तू बघत राहिलीस की रेघ सुटेल माझी."

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी खडूची रेघ जाड केली. वहिनीनं अंगठा घातला, आत, पहिल्या पेरापर्यंत. खालचं पातं टेबलाला टेकवलं. कचकन आवाज आला, मग दुसरा, मग लांब, सलग. रेघ तिनं दोनदा सोडली. एकदा आत, एकदा बाहेर. शिलाईसाठी कडेला जागा ठेवलेली होती, त्यात दोन्ही चुका मावल्या. कापून झालं तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"झालं काय?" लेकीनं भिंतीला विचारलं.

"झालं. माझं झालं," वहिनी म्हणाली. "आता कागद बघून मला सांग, हा अ कुठे जोडायचा न् ब कुठे. विलायतेत बायकांना दुसरी कामं नव्हती वाटतं."

एकांकिकेच्या दिवशी आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत होतो. मडमीण खिडकीशी उभी राहिली, दिव्यात मखमल गडद दिसली, सगळी एकसारखी. वहिनी पूर्ण वेळ तिच्या पाठीकडेच बघत होती. मडमीण मेली तेव्हा वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "पडताना फुगा दाबलान् मेलीनं." निकालाचं विचाराल तर बक्षीस दुसऱ्याच कॉलेजला गेलं.

वहिनी चार दिवसांसाठी आलेली, महिना झाला, अजून इथेच आहे. तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तसं विचारणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं. तिचं बोलणं मधूनच तुटतं, कधी ती उगाच तिरकस बोलते. ते मला ऐकून घ्यायचं आहे. सकाळी मात्र ती टेबलापाशी येते आणि विचारते, "साधं काय आहे?" मी तिला परकर देते. सुती, सरळ.

परवा आमच्या नेहमीच्या एक बाई परकर परत घेऊन आल्या. "अहो, हा एका बाजूनं बोटभर लांब झालाय. तुमच्याकडून असं कधी होत नाही."

बघितलं तर खरंच. कुणी कापला होता ते मला माहीत होतं. तोंडातून आपोआप निघून गेलं, "चुकलं हो माझं. घाईत कापला मी. द्या, करून देते."

आतून भांडी ठेवल्याचा आवाज आला आणि वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"खोटं नको बोलू गो," ती मला म्हणाली. मग बाईंकडे वळली. "मी कापलाय तो. डोळा अधू आहे माझा एक. पण चूक माझी आहे, मीच करून देणार. बसा पाच मिनिटं."

बाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत खुर्चीवर टेकल्या. वहिनीनं परकर माझ्या हातातून काढून घेतला, खिडकीशी जाऊन बसली, खालची शिलाई उसवली, वाढलेलं बोटभर आत मुडपलं आणि नवी तुरपाई घालायला लागली. टाका शोधूनही दिसत नव्हता. शेवटाला आल्यावर तिनं सवयीनं दोरा दातांपाशी नेला, तिथेच थबकली आणि हात लांब करून माझ्याकडे न बघता म्हणाली,

"कात्री दे."